सहा घरांची वाडी आणि आमचा फाटा

इंग्लंडच्या कुठल्यातरी कोपऱ्यात सहा घरांची एक वाडी होती. दीडशे वर्षांपूर्वी. आज ती आहे की नाही मला माहीत नाही, आणि खरं सांगू का, मला घेणंदेणंही नाही. पण ती वाडी मी टाइप केली आहे. कोणत्या गावाच्या हद्दीत, मोठ्या गावापासून कोणत्या दिशेला, रेल्वे स्टेशनपासून किती मैल, सगळं. सहा घरं! आमच्या वस्तीत साठाच्या वर घरं आहेत, आणि गावाच्या वेशीवर जो नवा चकचकीत बोर्ड लागलाय त्यावर आमच्या वस्तीचा पत्ता नाही. हे मी शांतपणे सांगावं अशी कोणाची अपेक्षा असेल तर त्यांनी पुढं वाचू नये. मला शांतपणे सांगता येत नाही.

मी वर्ध्याला एका ऑफिसात काम करते. खाली टायरचं दुकान, वर आम्ही दहा-बारा जणी आणि दोन पंखे, त्यातला एक फिरतो. परदेशातल्या कुठल्या ग्रंथालयाला जुनी पुस्तकं कॉम्प्युटरवर घालून हवी असतात, ती कामं कुठून कुठून फिरत आमच्यापर्यंत येतात. गेलं वर्षभर माझ्या वाट्याला गॅझेटियर आलंय. गॅझेटियर म्हणजे गावांचा कोश. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला, इंग्लंडातली झाडून सगळी गावं अक्षरांच्या क्रमानं लावलेला. तिथं गावाला पॅरिश म्हणतात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला मुलूख. पडद्याच्या डाव्या बाजूला जुन्या पानाचा फोटो, उजव्या बाजूला आम्ही. एकच पान दोघी जणी वेगवेगळ्या टाइप करतो आणि मशीन दोन्ही ताडून पाहतं. नियम एकच: दिसेल तेच टाकायचं. पुस्तकात चूक असली तर चूकच टाकायची. शहाणपण केलं की मशीन लाल होतं आणि सुपरवायझर डोक्याशी येऊन उभा राहतो.

एका गावाचं वर्णन वाचलं की पुढच्या हजार गावांचं पाठ होतं. आधी जिल्हा. मग रेल्वे स्टेशन किती मैल, टपाल कुठून येतं. एकर किती, घरं किती, माणसं किती. मग जमीन कोणाची. कधी ती बऱ्याच जणांत वाटलेली असते, बहुतेक वेळा एकाच साहेबाची. मग पाद्री नेमायचा हक्क कोणाकडे, त्याला वर्षाचं उत्पन्न काय, राहायला बंगला आहे का. मग चर्च. आणि चर्चला हे लोक शेरा देतात हो! ‘चर्च चांगलं आहे.’ बस, एवढंच. कुठं ‘बरं आहे’, कुठं ‘जुनं पण नीटनेटकं’. आमच्या शाळेत तपासणीला आलेला साहेब वहीवर शेरा मारायचा, तसा. मनोऱ्यात घंटा किती तेसुद्धा. शेवटी, ज्यांना ते चर्च मान्य नाही अशांची वेगळी प्रार्थनाघरं एका ओळीत उरकलेली. आणि मग वाड्या.

बाबांना हे सगळं ऐकायला फार आवडायचं. बाबा एसटीच्या लाल गाडीवर कंडक्टर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण जित्याची खोड ती. मी संध्याकाळी चपला काढते न काढते तोच खाटेवरून विचारणार, “आज कोनत्या लाइनीवर होती वं बाई?”

मी सांगायची, समुद्राकडच्या. तीन गावं अन् एक वाडी.

“टेशन किती दूर?”

“दोन मैल.”

“मंग बरं हाये,” बाबा म्हणायचे, जसं काही उद्या त्यांना तिथं ड्यूटी लागणार आहे.

एकदा एका गावाच्या चर्चमध्ये पाच घंटा आहेत असं मी सांगितलं, तर बाबा उठूनच बसले. “पाच? एका गावाले? अवं, दोनात पुरा डेपो चालते!” एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चाल. त्यापलीकडे घंटीला काही म्हणायचं असतं हे त्यांना पटेना. “अन् वाजवते कोन?”

“ते नाई लिहिलं.”

“काऊन?”

“मले काय माहीत बाबा! दिसते तेच टाकतो मी.”

माझी पुतणी, दादाची मोठी पोरगी, तेव्हा नुकतीच बारावीत गेली होती. आर्वीला कॉलेजात सायन्सला. वस्तीतून सायन्सला गेलेली ती पहिलीच पोरगी. ती पुस्तकातून मान वर न करता विचारायची, “आत्या, एका साहेबाची सारी जमीन, तर मंग तिथं राबनारे कुठं राहत?” दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम शोधलं. राबणारे कुठंच नव्हते. ते ‘घरं किती’ या आकड्यात बसवलेले. असं का, ते मला पहिल्याच पानांत कळलं होतं, कारण तीही मीच टाइप केलेली: माहिती गोळा केली होती गावोगावच्या पाद्र्यांना आणि प्रतिष्ठित लोकांना पत्रं पाठवून. म्हणजे ज्याच्या ओट्यावर बसून गाव लिहिलं, त्याचंच गाव पुस्तकात आलं. मी पुतणीला तसं सांगितलं तर ती म्हणाली, “आपल्याकडं बी तसंच हाये की.” आम्ही दोघी हसलो होतो. तेव्हा हसू येत होतं.

आता आमचं गाव सांगते. वर्धा-आर्वी रस्त्याला लागून आहे. देवळाभोवती मोठं गाव, तिथंच शाळा, ग्रामपंचायत, पाटलांचा ओटा. तिथून दीडेक किलोमीटर पुढं, आर्वीच्या अंगाला, नाल्याच्या पलीकडे आमची बौद्ध वस्ती आणि विहार. डांबरी रस्त्यावरून वस्तीत वळायला जो फाटा आहे, त्याला आम्ही नुसतं ‘फाटा’ म्हणतो. पूर्वी गाडी तिथं थांबत नसे. गंमत म्हणजे त्याच रस्त्यावर बाबा कंडक्टर. वस्तीतली माणसं हात दाखवायची आणि बाबा गाडी थांबवायचे नाहीत. “इस्टाप नाई,” एवढंच म्हणायचे. लोक तोंडावर बोलायचे, घरचा कंडक्टर अन् घरच्याच माणसाले दीड किलोमीटर पायपीट. बाबा स्वतःसुद्धा ड्यूटी नसली की देवळापाशी उतरून चालत घरी यायचे. नियम म्हणजे नियम.

शेवटी वस्तीतल्या बायका रस्त्यावर बसल्या, माझी आई त्यांत पुढं. अर्जविनंत्या झाल्या आणि फाटा मंजूर झाला. पहिल्या दिवशी गाडीवर नेमके बाबाच होते. मी आईचं बोट धरून फाट्यावर उभी होते. आतून एक घंटी वाजली आणि गाडी आमच्यासमोर येऊन थांबली. आई पदरानं डोळे पुसत होती. बाबांनी आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, तिकिटं फाडत राहिले, दोन घंट्या मारल्या आणि गेले. आई आता नाही. पण फाट्यावर गाडी थांबली की मला रोज तिची आठवण यायची.

गेल्या दिवाळीनंतर आमच्या गावाला आदर्श व्हायचं वेड लागलं. कसलीशी स्पर्धा होती. भिंती रंगल्या, झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना लागला. सरपंच बाई आहेत, पण सही सोडून बाकी सगळं त्यांचे यजमान करतात. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. मीही म्हणते, आता दातओठ खाऊन म्हणते. त्यांनी मला बोलावून घेतलं. “ताई, तुमी इंग्रजायचे गावं लिहिता म्हनते. मंग आपल्या गावाचं बी लिहून द्या ना जरा भारीतलं! वेशीवर बोर्ड लावू, पुस्तक छापू.” काम होतं ना, म्हणून ‘ताई’ आणि ‘तुमी’.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. वर्षभर दुसऱ्यांची गावं टाइप करून बोटं झिजली, आता आपलं लिहायचं. मी अगदी त्या कोशाच्या चालीवर लिहिलं. जिल्हा, तालुका. वर्धा किती, आर्वी किती. पुलगावहून आर्वीला छोटी रेल्वे जायची ती केव्हाच बंद पडली, तेही टाकलं. कपाशी, तूर, सोयाबीन, बाजार आर्वीचा. मग लिहिलं, ‘मंदिर चांगले आहे.’ त्याच्याखाली लिहिलं, ‘विहार चांगला आहे.’ दोघांना एकच शेरा, कमी नाही जास्त नाही. शेवटी, ‘गावाच्या हद्दीत नाल्यापलीकडे बौद्ध वस्ती. बसथांबे दोन: मंदिर आणि फाटा.’ पुतणीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “भारी झालं आत्या.”

वाचन पाटलांच्या ओट्यावर झालं. भाऊसाहेब, पाटील, ग्रामसेवक आणि आणखी दोघं-तिघं. चहा झाला, वाहवा झाली. मग भाऊसाहेब म्हणाले, “फक्त हे विहार, वस्ती, फाटा एवढं काढून टाकू.”

“काऊन?”

“नाई म्हनजे, गाव एकच हाये ना आपलं. असं येगळं येगळं लिहिलं का गाव फुटल्यासारखं दिसते. समितीवाले एकी पाह्यते. आपल्या गावात भेदभाव हायेच कुठं?”

पाटील मान डोलावत म्हणाले, “आमी तं कधी जात मानलीच नाई बाप्पा.”

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, “मंग मंदिर बी काढा. ते बी येगळंच दिसते.”

एकानं तोंडातला तंबाखूचा खर्रा थुंकून घेतला. मग भाऊसाहेब हसले, “ताई लय गरम हाये बावा!” आणि सगळे हसले. मी कागद उचलून घरी आले, पण त्यांनी आधीच मोबाइलवर फोटो काढून घेतला होता. बाबांना सांगितलं तर म्हणाले, “जाऊ दे ना. बोर्डच हाये. बोर्डानं का पोट भरते?” त्या दिवशी मला बाबांचाही राग आला.

महिन्याभरात बोर्ड लागला. मी कामाहून येताना बसच्या खिडकीतून पाहिला. निळ्यावर पांढरी अक्षरं. माझीच वाक्यं, माझ्याच चालीवर. ‘मंदिर चांगले आहे’ होतं. त्याच्याखालची ओळ नव्हती. वस्ती नव्हती. आणि तळाशी, हार-फुलांच्या नक्षीत: ‘माहिती संकलन: गावची लेक’. म्हणे गावची लेक! एवढ्या वर्षांत कोणाच्या हळदीकुंकवाला नाही बोलावलं या लेकीला.

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, असं मी स्वतःची समजूत घालत होते. पण इथं तर कोंबडंच कापायला काढलं होतं. बोर्डापाठोपाठ देवळाजवळ बसथांब्याची नवी शेड आली, स्टीलची बाकडी, वर पुढाऱ्यांचे फोटो. शेड झाली म्हणजे गाडी तिथंच थांबली पाहिजे ना! पंचायतीचं पत्र डेपोला गेलं: गाव एक, थांबा एक. सोबत बोर्डावरची माहिती जोडलेली. आणि एका सोमवारी गाडी फाट्यावर थांबलीच नाही. मी उठून कंडक्टरला म्हटलं तर तो तरणा पोरगा केविलवाण्या तोंडानं तिकिटाचं मशीन दाखवायला लागला. “ताई, मशीनमध्ये फाटाच नाई राह्यला. वरून काढून टाकला. म्या काय करू?”

म्हणजे बघा, संध्याकाळी आर्वीहून येणारी गाडी आधी आमच्या फाट्यावरून जाते. घरातला दिवा दिसतो, विहाराचा झेंडा दिसतो. गाडी ते सगळं मागं टाकून देवळापाशी जाते, आणि मग पोरीबाळींनी त्याच रस्त्यानं उलटं चालत यायचं. मधे नाल्याचा पूल, पुलाजवळ पानटपरी, टपरीवर मोटारसायकली लावून बसलेले मोठ्या गावातले पोट्टे. हिवाळ्यात अंधार लवकर पडतो. मी वर्ध्याहून येते ती गाडी आणखी उशिराची. दादा आर्वीच्या बाजूला एका जिनिंगमध्ये कापसाची गाठोडी उचलतो, तो घरी येतो तेव्हा जेवणं झालेली असतात.

आधी नुसत्या शिट्ट्या होत्या. पुतणी सांगत नव्हती. मग एके दिवशी एकानं मोटारसायकल तिच्यासमोर आडवी लावली आणि दुसऱ्यानं तोंडावर मोबाइल धरला. शूटिंग करत होता. “इकडं पाह्य ना, मॅडम! डॉक्टर होनार ना तू?” ती पुलाच्या कठड्याला धरून कशीबशी निघाली आणि पळत घरी आली. तेव्हा कुठं मला सगळं सांगितलं. दादाला आम्ही सांगणार नव्हतो, पण असल्या गोष्टी दाबून राहत नाहीत.

दादा जेवायला बसला होता. ताट सरकवून म्हणाला, “उद्यापासून कॉलेज बंद. परीक्षा देजो, अभ्यास घरी कर.”

“अन् प्रॅक्टिकल?” ती म्हणाली. “प्रॅक्टिकल नाई केले तर परीक्षेले बसूच देत नाई.”

“खड्ड्यात गेले प्रॅक्टिकल!”

मी तडकले. “पोट्ट्याईले बंद कर ना! पोरीले काऊन बंद करून राह्यला?”

दादानं माझ्याकडे पाहिलं. “त्याईचे बाप ओट्यावर बसते, माह्या पाठीवर गाठोडं हाये. सांग मले, कोनाले बंद करू?” माझा दादा वाईट नाही. म्हणून तर जास्त राग येतो.

सकाळी कामावर जायच्या आधी मी ग्रामपंचायतीत गेले. भाऊसाहेब खुर्चीत, सरपंचबाईंच्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आता कसं सांगू तुले. माहिती तं तूच लिहून देली होती. बोर्डावर पाह्य ना, गावची लेक. तुह्याच माहितीवर डेपोले पत्र गेलं.” काम झालं होतं, आता मी ‘तू’ होते. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. ग्रामसेवकानं उठून खिडक्या लावून घेतल्या. भाऊसाहेब शेवटी म्हणाले, “पुढच्या सभेत विषय घेऊ.” मी म्हटलं, “प्रॅक्टिकल तुमच्या सभेसाठी थांबत नाई.”

त्या दिवशी ऑफिसात माझ्या हातून एक गोष्ट झाली. समोर इंग्लंडातलं एक गाव होतं. जमीन एका साहेबाची, चर्च चांगलं, पाद्र्याला बंगला. शेवटी हद्दीतल्या वाड्यांची नावं, एकापुढं एक, कोणतीही वाडी सोडलेली नाही. मी टाइप करत गेले आणि त्या वाड्यांच्या रांगेत, स्वल्पविराम देऊन, आमच्या वस्तीचं नाव टाकून दिलं. आणि त्यापुढं, बस फाट्यावर थांबते, हेही. पान पाठवून दिलं. दुसरीनं तेच पान टाइप केलेलं, तिच्यात ही वस्ती कुठून असणार? मशीन लालभडक झालं.

सुपरवायझर नागपूरचा, हिंदीतच बोलतो. पडद्याकडं पाहतच राहिला. “मॅडम, ये गाँव पेज में किधर है?”

“नहीं है,” मी म्हटलं. “वही तो बात है.”

“जो दिखता है वही डालना है ना, मॅडम?”

मी मुकाट्यानं पुसलं. पण अर्धा तास का होईना, आमची वस्ती इंग्लंडात होती. आपल्या गावात नव्हती आणि तिकडं होती! शेजारची बाई हसत होती. मला हसू येत नव्हतं. बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारून आले.

संध्याकाळी घरी आले तर पुतणी चुलीपाशी भाकरी थापत होती. कॉलेजची बॅग खुंटीला. बाबा खाटेवर गुडघ्याला मलम चोळत बसलेले. मला म्हणाले, “आज कोनत्या लाइनीवर होती वं?”

आणि माझा तोल गेला. “आपल्याच लाइनीवर होती बाबा! अन् तिथं इस्टाप नाई!”

“आता नाई तं नाई,” बाबा हळूच म्हणाले. “मशीनमध्ये नसला तर गाडी कशी थांबन? नियम हाये.”

“जनमभर हेच केलं तुमी! गाडी घरासमोरून जाय अन् तुमी म्हना नियम हाये! माह्या मायनं रस्त्यावर बसून फाटा आनला, तुमी नाई आनला. अन् आता तो कोनी पुसून टाकला तं मलम चोळत बसले! तुमच्या घंटीचा काय फायदा झाला हो कोनाले?”

पुतणीची भाकरी तव्यावर करपली. मला वाटलं आता बाबा ओरडतील, पण त्यांनी मलमाच्या डबीचं झाकण लावलं, ती उशाखाली ठेवली आणि पुतणीकडं पाहून विचारलं, “कॉलेज किती वाजता सुटते वं तुह्यं?”

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. म्हाताऱ्याच्या मनात काय आहे कळेना. सकाळी तिघं देवळापर्यंत चालत गेलो, बाबा काठी टेकत, दर थोड्या अंतरावर थांबत. आर्वीला पुतणी कॉलेजात गेली आणि बाबा दिवसभर स्टँडच्या बाकावर बसून राहिले. जुने ड्रायव्हर भेटले, चहा झाले. “काय वो, आज इकडं कुठं?” “ड्यूटीवर हावो,” बाबा म्हणाले आणि ते लोक हसले.

परतीच्या गाडीला गर्दी होती. तोच तरणा कंडक्टर. त्यानं आमची तिकिटं देवळापर्यंतची दिली, दुसरं देणार तरी कुठलं! बाबा छतावरून जाणाऱ्या दोरीखालची जागा धरून उभे राहिले. कोणी उठून जागा दिली तरी बसले नाहीत. अंधार झाला होता. विहाराचा दिवा दिसायला लागला तसा बाबांनी काठी माझ्या हातात दिली, हात वर केला आणि दोरी ओढली. एकदाच.

ड्रायव्हरच्या पायाला घंटीची सवय. ब्रेक लागला. गाडी बरोबर फाट्यावर थांबली.

“कोनं वाजवली?” कंडक्टर गर्दीतून ओरडला.

“म्या,” बाबा म्हणाले.

“बाबाजी, इथं इस्टाप नाई!”

“मले माहीत हाये.”

“मंग?”

“पोरीले उतरू दे.”

बाबा दारात जाऊन उभे राहिले, एक पाय पायरीवर, एक हात दांडीला. ते तिथं उभे असेपर्यंत गाडी हलणार नव्हती. मागून आरडाओरड सुरू झाली, चला ना वो, उशीर होऊन राह्यला, काय तमाशा लावला म्हाताऱ्यानं. तेवढ्यात मागच्या सीटवरची एक बाई, कोणत्या गावची कोण जाणे, कडाडली, “अवो उतरू द्या ना लेकरायले! अंधार पडला दिसत नाई का तुमाले?” पुतणी उतरली. वस्तीतल्या आणखी दोन पोरी आणि कडेवर मूल घेतलेली एक सून, त्याही उतरल्या. मी उतरले. सगळ्यांत शेवटी बाबा उतरले आणि खालून कंडक्टरला म्हणाले, “आता दोन वाजव. ते तुह्यं काम हाये.”

त्यानं वाजवल्या.

दादाला रात्री सांगितलं. तो म्हणाला, “बाबा रोज जानार असन तं जाऊ दे तिले.” आणि बाबा रोज जायला लागले. दुपारी फाट्यावर कोणाच्या तरी मोटारसायकलला हात दाखवून आर्वीला जायचं, संध्याकाळी पुतणीसोबत परत यायचं, आणि विहाराचा दिवा दिसला की एक घंटी. कंडक्टरनं एकदा त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, “बाबाजी, म्या वाजवली तर मले मेमो भेटन. तुमी वाजवा. मले दिसत नाई.” बोला आता! चांगला माणूससुद्धा एवढंच देऊ शकतो, न दिसणं.

यात गोड काही नाही. तरी लोकांना ते गोड लागायला लागलं. कोणीतरी व्हिडिओ काढला, ‘काय जिद्द, काय प्रेम’, हात जोडल्याची चित्रं. भाऊसाहेबांनीही तो पुढं पाठवला! वर लिहिलं, ‘आमच्या आदर्श गावचे आदर्श आजोबा’. मग निरोप आला की शाळेच्या कार्यक्रमात बाबांचा सत्कार करायचा आहे, शाल-श्रीफळ. मी निरोप्याला दारातच म्हटलं, “शाल नको, नारळ नको. फाटा द्या.” बाबांनी आतून विचारलं कार्यक्रम कधी आहे. संध्याकाळी, असं कळल्यावर म्हणाले, “मले नाई जमत. ते माह्या गाडीची वेळ हाये.” सत्तरी उलटलेला माणूस सुजलेला गुडघा घेऊन रोज गर्दीच्या गाडीत उभा राहतो, आणि लोकांना त्याचं कौतुक वाटतं. लाज कोणालाच वाटत नाही.

सभा झाली. विषय निघाला नाही. बोर्ड आहे तसाच आहे.

परवा बाबांना ताप भरला. गुडघा टम्म सुजलेला, उठवेना. मी अर्ध्या दिवसावर घरी आले. प्रॅक्टिकलची परीक्षा तोंडावर होती म्हणून पुतणी ऐकेना, सकाळीच गेलेली. गाडीची वेळ झाली तसे बाबा भिंतीला धरून खाटेवर उठून बसले. मी दारात उभी. टपरीकडं जाऊन थांबावं असं ठरवून मी चप्पल पायात घातली होती. दुरून गाडीचा आवाज आला, वाढला, आणि फाट्यापाशी बंद पडल्यासारखा झाला. आतली घंटी काही घरापर्यंत ऐकू येत नाही. थोडा वेळ गेला. मग गाडीच्या पत्र्यावर दोन थापा पडल्या, चांगल्या जोरात, आणि गाडी निघाली.

“हात जड हाये पोरीचा,” बाबा म्हणाले आणि आडवे झाले.

ती आली तेव्हा उजवा तळहात लाल झाला होता. “दोरी उंच हाये आत्या, पन पुरते हात,” एवढंच म्हणाली, हातपाय धुतले आणि जर्नल घेऊन बसली. मी चहा टाकला. पोरीचं कौतुक वाटलं, कसं नाही वाटणार! पण खरं सांगते, चहाचं आधण उकळेपर्यंत मी रागानं नुसती धुमसत होते, आणि तो राग अजून गेलेला नाही. इंग्लंडातल्या त्या सहा घरांतल्या कोणत्याही पोरीला दोरी ओढावी लागली नव्हती. कोणीतरी ती वाडी नुसती लिहिली होती.